हात दाबलेला होता, का ठेवलेला?

पाणी कोपरानं बघायचं, हातानं नाही. आमचे हात रोज कढत पाण्यात राहून असे होऊन जातात की त्यांना काही गरमच लागत नाही. कोपर मात्र कोवळं राहतं, ते खरं सांगतं. हे मला माझ्या सासूनं शिकवलं. तिच्या मागं हे काम मी धरलं आणि गुडघ्यांनी नाही म्हणेपर्यंत सोडलं नाही.

माझं काम बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. कुणी मालिशवाली म्हणतं, कुणी बाळाची मावशी. सिडकोतल्या एका सोसायटीचा वॉचमन तर मला बघितलं की वरच्या मजल्याकडं तोंड करून ओरडायचा, "आंघोळ आली ओ!" हा अंक काढणाऱ्या ताई, त्यांची दोन्ही पोरं माझ्या पायावर न्हाली, म्हणाल्या, "मावशी, बोलता तसंच लिहा." माझं शिक्षण नववीपर्यंत. तेव्हा बोलते तसंच लिहिते.

ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. न्हाणीत पाटावर बसायचं, साडी गुडघ्याच्या वर खोचायची, पाय लांब करायचे. दोन नडग्यांच्या मधी जी खोबण होते तिथं बाळाला घ्यायचं, आधी उताणं, मग पालथं. तेल, मग डाळीचं पीठ नि साय, मग पाणी. पाणी डोक्यावरून घेताना तळहाताचा आडोसा करायचा, म्हणजे नाकातोंडात जात नाही. तेल लावलेलं बाळ हातात राहत नाही, निसटतं. माझ्या हातातून आजवर एकही निसटलं नाही, एवढा गर्व मला करू द्या. आधी आम्ही नाकाकानात पण तेल सोडायचो. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं, तेव्हापासून बंद केलं. बाळाचं झालं की मग बाळंतिणीचं अंग रगडायचं, तिला न्हाऊ घालायचं. असं सव्वा महिना, कुठं कुठं तीन महिने.

ह्या कामात माणसं बघायला मिळतात. रोशन गेटच्या एका घरात बडी अम्मी खुर्ची टाकून न्हाणीच्या दारात बसायची आणि रोज सांगायची, "शोभा, नाक दबा जरा. इसके बाप का नाक देखी ना तू? पकोडा है पूरा." बाप बिचारा मागं उभा राहून ऐकायचा. एक इंजिनियर बाप माझ्या बादलीत ताप बघायची काचेची नळी घालून बघायचा. मी म्हणायचे, बघा, तुमची नळी नि माझं कोपर काय म्हणतं. दोघांचं जमायचं. एका घरात आंघोळीचा व्हिडिओ काढून अमेरिकेला पाठवायचे. मला म्हणाले, "मावशी, चेहरा थोडा बाजूला घ्या, नुसते हात येऊ द्या." माझे हात अमेरिकेला जाऊन आलेत, मी फर्दापूरच्या पलीकडं गेले नाही.

पण ताई म्हणाल्या की लक्षात राहिलेलं एक घर सांगा. तर मला जे घर आठवतं, त्या घरातलं मला नीट काहीच कळलं नाही. तेव्हा बी नाही, अजून बी नाही.

सिडकोतलंच रो हाऊस. वर्षा म्हणून बाळंतीण. तिला आई नव्हती, म्हणून दुसरं बाळंतपण तिच्या घरीच. नवरा सचिन वाळूजच्या कंपनीत, पाळीनं कामाला. बाळंतपणाला वैजापूरहून सासू आलेली, तिला सगळे आक्का म्हणायचे. आक्का उंच, खणखणीत, घरी कपाशी नि कांदा. दारातच मला म्हणाली, "पोरगा झालाय. नजर बिजर काढून आत या."

पहिली मुलगी होती, मनू. पाच-सहा वर्षांची. मी पोचले तेव्हा ती जिन्याखाली बसून कपड्यांचे चिमटे एकामागं एक लावत होती. मी प्रत्येक घरात थोरल्या लेकराला एक प्रश्न विचारते. तिला बी विचारला, "काय गं, भाऊ आवडला का?" ह्याला पोरं काय काय सांगतात! एक म्हणालं होतं, परत दवाखान्यात देऊन या. मनूनं मान वर केली नाही. मला वाटलं कमी ऐकू येतं. मी तिच्यामागं टाळी वाजवली. तिनं दोन्ही कान गच्च दाबले आणि "ऊंऽऽ" असा एकाच सुरात आवाज काढायला लागली. म्हणजे ऐकू येतं. मग बघत कामून नाही?

आक्का जवळ येऊन हळूच म्हणाली, "तिला समजत नाय, शोभाबाई. लई दवाखाने झाले."

वर्षानं आतून ऐकलं. बाळंतीण माझ्या हाताखाली आली की मी तिच्याशी एकेरीवर येते, लेकच ती. पाठ चोळून घेता घेता तिनं सांगितलं, "तिला समजतं मावशी. तिला ऑटिझम आहे."

"म्हणजे काय गं?"

"आता बघा, नळ चालू आहे, कुकर चालू आहे, बाहेर भाजीवाला ओरडतोय. आपण त्यातलं पाहिजे तेवढं ऐकतो, बाकीचं सोडून देतो. तिला सोडता येत नाही. सगळं एकदम आत येतं."

"मग बोलत कामून नाय?"

"ते मला पण नाही माहीत."

"बरी व्हायला किती दिवस लागत्यान?"

वर्षा म्हणाली, "हा ताप-खोकला नाही मावशी, बरा व्हायला. ती अशीच आहे. शिकवलं तर शिकेल, तिच्या तिच्या पद्धतीनं."

मी हुं म्हणाले. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. आजार नाही, तर दर आठवड्याला शिकवणीच्या मॅडमकडं कशाला न्यायचं? आणि समजतं, तर मग घरात आलेला भाऊ दिसत कामून नाही? कारण मनू बाळाकडं बघायचीच नाही. गादीवर बाळ असलं तर त्याला वळसा घालून जायची, जसं तिथं स्टूल ठेवलंय. आक्का म्हणायची, "भाऊ जन्माला आला, पोरीला पत्ताच नाय."

फक्त एक होतं. मी बाळाला न्हाणीत घेतलं की मनू चिमटे सोडून यायची आणि उंबऱ्यावर बसायची. रोज. नजर पाण्याच्या धारेवर. मी बाळांना न्हाऊ घालताना जे म्हणते ते म्हणत असायचे, "डोळं मीट राजा, आलं पानी, आलं. काय नाय, काय नाय. झालं बया, झालं." बाळ रडायला लागलं की मनू कान झाकायची आणि तिचा तो "ऊंऽऽ" सुरू करायची. कधी कधी बाळ गप्प व्हायचं.

वर्षा आतून म्हणायची, "बघा मावशी, तिचं ऐकून थांबला."

आक्का म्हणायची, "पानी संपलं म्हनून थांबला."

मला दोघींचं पटायचं. बाळं कशानं रडतात ते कळतं. कशानं थांबतात ते इतकी बाळं न्हाऊ घालून पण मला सांगता येत नाही.

एक दिवस बाळाची आंघोळ उरकली. दुपट्यात गुंडाळून मी त्याला पुढच्या खोलीत गादीवर निजवलं. न्हालेलं बाळ मेल्यासारखं झोपतं, हे सगळ्यांना ठाऊक. आक्का ओट्याशी खीर ढवळत होती. मागच्या खोलीत मी वर्षाच्या अंगाला तेल लावायला घेतलं. मनू जिन्याखाली होती.

बाळ रडलं. चांगलं जोरात. आणि मधीच बंद झालं.

रडणारं बाळ थांबतं तेव्हा हुंदके देत, कण्हत थांबतं. हे कापल्यासारखं थांबलं. माझे हात वर्षाच्या पाठीवर होते तिथंच राहिले. तेवढ्यात आक्काची किंकाळी आली.

मी दारात पोचले तेव्हा आक्का वाकलेली होती. तिच्या बाजूनं मला जे दिसलं ते एवढंच. मनू बाळाशेजारी आडवी पडलेली, डोळे वर छताकडं लागलेले आणि एक हात बाळाच्या तोंडावर. पुढच्या घडीला आक्कानं तिला दंडाला धरून ओढलं. बाळाचं तोंड लालबुंद, गालावर बोटांचे वळ. त्यानं श्वास घेतला आणि किंचाळलं. ते किंचाळलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मनू भिंतीशी गेली. स्वतःचं मनगट चावत होती आणि डोकं भिंतीवर आपटत होती. वर्षा तशीच तेलकट अंगानं, अंगाला साडी कशीबशी गुंडाळून दारात आली. इकडं एक लेकरू, तिकडं एक. ती मधी उभी. मी आयुष्यात बाईचा असा चेहरा बघितला नाही. मी बाळाला उचललं आणि म्हणाले, "हा माझ्याकडं आहे, तू जा." ती मनूकडं गेली. तिनं मनूला ओढलं नाही, काही बोलली नाही. भिंत आणि मनूचं कपाळ ह्यांच्या मधी आपला तळहात घातला. मनू त्या हातावर डोकं आपटत राहिली.

सगळं शांत झाल्यावर आक्का म्हणाली, "शोभाबाई, तुमी बी पाह्यलं ना? तोंड दाबलं तिनं."

"हात होता आक्का."

"दाबला होता."

"हात होता. दाबलेला होता का ठेवलेला, ते मला नाय सांगता येत."

आक्काला माझा राग आला. वर्षाला बी आला असंल. तिला वाटत होतं मी म्हणावं, ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी गेले तर सचिन रात्रपाळी करून येऊन तसाच बसलेला. त्यानं बी विचारलं. मी तेच सांगितलं. तो कपाळ धरून म्हणाला, "मावशी, काहीतरी एक सांगा ना. काय पण सांगा."

कुठून सांगू? जे दिसलं ते डोळे मिटायच्या आत संपलं होतं.

आक्कानं ठरवलं की बाळ जरा बाळसं धरेपर्यंत मनूला वैजापूरला न्यायचं. तिथं मोकळं आवार, जनावरं, आजोबा. चिडून नाही म्हणाली ती, रडत म्हणाली. "ती बी माझीच नात हाय. पण उद्या काय झालं तर जन्माचा डाग तिच्याच कपाळी लागंल ना." वर्षानं मनूचे कपडे भरले, चिमट्यांचा डबा भरला. सचिन मोटारसायकलनं दोघींना बसस्टँडवर सोडून आला. मनू जाताना मागं वळली नाही. पण ती कधीच वळायची नाही, तेव्हा त्याचा अर्थ काय लावायचा?

आक्काच्या जागी सचिनची मावसबहीण दोन वेळचा स्वयंपाक करून जायला लागली. मी मात्र रोज जात होते. घर इतकं शांत झालं की न्हाणीतलं पाणी मोरीत जाताना ऐकू यायचं. कुकरला शिट्टी होऊ द्यायला कुणी घाबरत नव्हतं. वर्षा एका सकाळी पाठ चोळून घेताना म्हणाली, "मावशी, मला बरं वाटतंय. कितीतरी महिन्यांनी मी सलग झोपले. आणि बरं वाटतंय म्हणून मला स्वतःची भीती वाटायला लागलीय."

मी तिच्या खांद्याला तेल लावत राहिले. अशा वेळी हात चालू ठेवायचे, एवढंच आम्हाला येतं.

बाळ तेव्हा आंघोळीत जास्त रडायला लागलं. पालथं घातलं की मान दाराकडं वळवायचं. वर्षा म्हणाली, "तिला शोधतोय." मी म्हणाले, "दारातून उजेड येतो. एवढी लेकरं उजेडाकडं बघतात." नंतर मलाच वाटलं, आपण कशाला बोललो. उजेड रोजच होता. पण मग परत वाटलं, ह्या दिवसांत सगळ्याच बाळांच्या पोटात कळा येतात, सगळीच रडतात. असं माझं मन दोन्हीकडं.

मग एका दुपारी मला आक्काचा फोन आला. मला, वर्षाला नाही.

"शोभाबाई, तुमी बाळाला न्हाऊ घालताना काय म्हनता वो?"

मला वाटलं काहीतरी चुकलं. "काय नाय आक्का. आपलं असंच. डोळं मीट राजा, आलं पानी, आलं…"

"पुढं?"

"काय नाय, काय नाय. झालं बया, झालं."

मग आक्का म्हणाली, "शेळी व्यालीय आमची. ही पोरगी करडापाशी बसती. पायावर करडू घेती, तुमच्यावानी पाय लांब करून. हातात पानी नाय, काय नाय, नुसता हात फिरवती त्याच्या डोक्यावरून. आन हेच म्हनती. बया सुदिक म्हनती."

"बोलती?"

"अवं, लख्ख बोलती! तुमच्याच आवाजात. आमचे हे घरात होते, त्यांनी बी ऐकलं." मग म्हणाली, "आन करडानं तोंड उघडून म्यॅ केलं, तर तोंडावर हात ठिवला तिनं."

"दाबला?"

"नाय… म्हंजी… करडू काय उठून पळालं नाय. पायावरच व्हतं. शोभाबाई, मला काय कळंना झालंय."

मला तरी कुठं कळत होतं!

आक्का दोन दिवसांत मनूला घेऊन परत आली. ज्या बाईनं नेलं तीच घेऊन आली, ह्याचं मला आजवर कौतुक वाटतं. चूक झाली असं ती म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "मी हाय हितं. मी डोळ्यात तेल घालून बघीन." वर्षानं मनूला जवळ घेतलं, मनू तिच्या हातातून निसटून जिन्याखाली गेली आणि चिमटे लावायला लागली. बाळाकडं बघितलं नाही. आम्ही तिघी वाट बघत उभ्या होतो, की आता काहीतरी बोलेल. एक अक्षर बोलली नाही.

मनूच्या शिकवणीच्या मॅडम होत्या, त्यांना वर्षानं घरी बोलावलं. मी तेव्हा तिथं होते. मॅडम शांत बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही मुलं कधी कधी ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतात. त्याचा अर्थ त्यांना कळलेला असतोच असं नाही. आणि नसतोच, असंही नाही. पण तिनं ते करडाला म्हटलं, भिंतीला नाही म्हटलं. एवढं लक्षात ठेवू."

मला त्या बोलण्यानं फार गोंधळायला झालं. कारण मी घरी जाऊन विचार केला की मी जे म्हणते ते तरी कुठं माझं आहे? सासू म्हणायची, मी म्हणते. शेकडो बाळांना तेच. मुलगी असली तरी राजाच म्हणते. त्यातल्या प्रत्येक बाळासाठी मला माया होती म्हणून म्हणत होते, का तोंडाला सवय पडली म्हणून? कधी माया होती, कधी गुडघे दुखत होते. मग त्या लेकराकडून कशाला हिशेब मागायचा?

मॅडमनी नेम घालून दिला. दोघांना एकटं सोडायचं नाही, एका मिनिटासाठी बी नाही. बाळ रडलं की मनूला बाहेर जायची वाट मोकळी पाहिजे. आणि आंघोळीच्या वेळी तिला काहीतरी काम द्यायचं, पण जबरदस्ती नाही. म्हणून मी तिला शेवटचा तांब्या द्यायला लागले. मी हात धरून ओतून घ्यायचे. कधी ओतायची, कधी तांब्या तिथंच टाकून निघून जायची. एकदा माझं लक्ष टॉवेलकडं गेलं आणि तिनं तांब्या थेट नळाखाली धरून बाळाच्या पोटावर गार पाणी ओतलं. बाळानं असा टाहो फोडला! आक्का धावत आली, वर्षा धावत आली. मनूनं कान झाकले. आम्हाला वाटलं आता भिंतीकडं जाणार. गेली नाही. कान झाकून, डोळे मिटून, उंबऱ्यावरच बसून राहिली, बाळ थांबेपर्यंत. तिला वाट मोकळी होती.

ते मी बघितलं. पण ती बाळासाठी थांबली का पाण्यासाठी, ते मला विचारू नका.

आणि एक सांगायचं राहिलं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. तशी एकदा त्यांची मोटार सुरू झाली. मनू जिन्याखालून उठली, मागच्या दारी गेली आणि मोटारीशेजारी जमिनीवर आडवी झाली. तळहात मोटारीवर सपाट ठेवला. डोळे वर आभाळात. कुकरच्या शिट्टीला कान झाकणारी पोरगी ह्या घरघरीला स्वतःहून कशी जाते, मला उमजेना. पण तो हात मी आधी बघितला होता. तसाच. अगदी तसाच.

मी वर्षाला हाक मारली. तिनं बघितलं. आक्कानं बी बघितलं.

"ती आवाजाला हात लावते," वर्षा म्हणाली. ती रडत होती. "मावशी, ती त्याचा आवाज बघत होती."

आक्कानं मोटारीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग तिला भाऊ काय मोटार वाटला का?"

मला हसू आलं, आणि त्या दोघींना बी आलं. त्या घरात मी आलेल्या दिवसापासून तिघी एकदम हसलो असं पहिल्यांदाच झालं. मनूनं आमच्याकडं बघितलं नाही.

असंल तसंच. नसंल बी. मॅडमना वर्षानं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, शक्य आहे, पण नेम बदलायचा नाही. बरोबरच होतं त्यांचं. हात मायेनं ठेवला तरी बाळाचा श्वास कोंडतोच. त्या घरातून मी जे शिकले ते एवढंच, आणि ते काही आनंदाचं नाही.

पुढं त्या घरातले माझे दिवस संपले. दुसरी घरं आली. मग गुडघ्यांनी जवाब दिला, पाटावर बसलं की उठता येईना, तेव्हा काम बंद केलं. लोक अजून फोन करतात. मी म्हणते, आता नळीवाल्या बापांवर भरवसा ठेवा.

ह्या संक्रांतीला वर्षानं मला हळदीकुंकवाला बोलावलं. म्हणाली, सगळ्या बायका यायच्या आधी या, बोलता येईल. गेले. आक्का वैजापूरलाच होती. मनू आता चांगली उंच झालेली. खिडकीखाली सतरंजीवर बसून कापडाची चिंधी दोऱ्या दोऱ्यानं सोडवत होती. वर्षा म्हणाली, ती थोडं थोडं बोलते आता, पाणी, नको, चल, एवढं. मला वाटलं, मला बघून काही म्हणेल. बाकी नाही तर "झालं बया" तरी. मोठ्या आशेनं मी कष्टानं खाली वाकले आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले.

मनूनं चिंधी खाली ठेवली. माझ्याकडं न बघता दोन्ही हातांनी मला ढकललं. मला वाटलं नकळत लागलं असंल. परत ढकललं, चांगलं जोर लावून. मी सरकले, पण मनाला लागलं. ह्या पोरीच्या डोळ्यांसमोर रोज बसत होते मी. विसरली, म्हटलं. का तिला मी कधी दिसलेच नव्हते?

वर्षा तिळगूळ घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, राग नका मानू. तिथं राघव बसतो."

"राघव कुठंय?"

"बालवाडीत. येईल आता. तो घरात नसला तरी ती तेवढी जागा सोडून बसते. मला पण बसू देत नाही."

मी त्या जागेकडं बघितलं. वीतभर सतरंजी, भिंतीला तेलकट डाग. एवढंच.

थोड्या वेळानं रिक्षा वाजली आणि राघव आला. माझ्या पायावर न्हालेलं ते बाळ, आता चपला भिरकावत, बडबडत आत शिरलं. मला कुणी ओळख करून द्यायच्या आत तो त्या जागेत जाऊन बसला, मनूच्या दंडाला पाठ टेकवून, जसं भिंतीला टेकतात. मनूनं चिंधी परत हातात घेतली. तो बोलत होता. बालवाडीत कुणी कुणाला चावलं, कुणी चड्डी ओली केली. ती दोरे सोडवत होती. एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही.

मी वर्षाला हळूच विचारलं, "ह्याला सांगितलं का, ताईचं?"

"काय सांगू मावशी? आणि कधी? त्याला वाटतं सगळ्यांच्या ताया अशाच असतात."

राघवचे कान तिखट. त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "आजी, तुला ताई आहे?"

"आहे की. फर्दापूरला असती."

"ती बोलते?"

"लई बोलती रे बाबा. बोलायला लागली की थांबतच नाय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही माझ्या ताईला मोठं दुखणं झालंय. मग जरा विचार करून म्हणाला,

"मग तिला ऐकू कधी येतं?"

मनूनं चिंधीतला एक लांब लाल दोरा ओढून काढला आणि न बघता राघवच्या गुडघ्यावर ठेवला. त्यानं तो उचलला, खिशात घातला आणि बालवाडीचं पुढं सांगायला लागला.